गिटारीचं आतलं काम

आप्पांनी आम्हाला खोल्या दिल्या त्या दार लावण्यावरून.

जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं घर होतं. पुढच्या बाजूला सुतारकामाचं दुकान, मागं ते एकटे राहायचे आणि शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. आमच्या ह्यांना हायवेवरच्या टायरच्या दुकानात काम लागलं होतं, म्हणून आम्ही खोल्या बघायला गेलो. आप्पांनी गाव कोणतं, माणसं किती, काही विचारलं नाही. म्हणाले, "आत जावा, दार लावा आन परत उघडून बाहेर या."

ह्यांनी दार लावलं ते धाडकन वाजलं. आप्पांनी डोळे गच्च मिटले, त्यांच्याच पाठीत कुणी बुक्की घातल्यासारखे. मग माझ्याकडं वळले. "आता तुमी."

मला परक्या माणसासमोर नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी घाम फुटतो. पण दार लावायला बोलावं लागत नाही. माहेरी वडील आजारी असायचे, त्यांची झोप मोडू नये म्हणून कडी हातानं धरून दार टेकवायची मला सवय होती. तसंच लावलं. आप्पा ह्यांना म्हणाले, "खोल्या तुमाला न्हाय दिल्या. सूनबाईंना दिल्या. तुमी त्यांच्या संगं राव्हा."

तेव्हापासून मी त्यांची सूनबाई. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही त्यांना आप्पा सोडून दुसरं नाव कधी घेतलं नाही.

आप्पा उंच होते, जरा पुढं वाकलेले. कानावर पेन्सिल असायची आणि ती कायम हरवलेली असायची. माणसांशी ते मराठी बोलायचे आणि लाकडाशी कन्नड. त्यांची आई पलीकडच्या, कर्नाटकातल्या गावची. दोन फळ्या जोडताना सांधा बसत नसला की ते हळूच म्हणायचे, "कूडरी, कूडरी." म्हणजे बसा, बसा. जुन्या लाकडाला ते कधी अरे-तुरे करायचे नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, लाकडाला अहो-जाहो कशापायी? तर म्हणाले, "आवो, ही चौकट माझ्या आज्ज्याच्या वयाची हाय. तिला काय ए म्हणू?"

खिळ्याचा त्यांना राग होता. खिळा मारणं म्हणजे घरातलं भांडण मिटवायला पोलीस बोलावणं, असं ते म्हणायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की सांगायचे, "तिकडं पुढं खिळे मारणारे लई हायत, तिकडं जावा." आणि गिऱ्हाईक खरंच गेलं की दिवसभर फणफणत बसायचे.

कुठलीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं ती वाजवून बघायची, ही त्यांची खोड. कलिंगड वाजवायचे ते ठीक. पण लोकांची दारं, कणग्या, एस्टीची सीट, काही सोडायचे नाहीत. एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. रुखवतात मोठा पलंग मांडला होता. मुलीचा मामा सगळ्यांना सांगत होता, अस्सल सागवान. आप्पा गेले, पलंगाला टकटक केलं, कान लावला आणि मंडपात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो साग न्हाय. ह्यो बाभळीचा लांबचा पाव्हणा हाय." मामा अंगावर धावून आला. नवरदेवाकडची माणसं पलंगाभोवती जमली. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या आप्पांना हाताला धरून जेवणाच्या पंगतीत घेऊन गेल्या. तिथं आप्पा म्हणाले, "म्या फकस्त लाकडाचं खरं सांगितलं. पोरगी चांगलीच हाय." आत्या म्हणाल्या, "बरं झालं पोरीला वाजवून बघितलं न्हाय."

दुकानात दारं, खाटा तर व्हायच्याच. पण तुळजापूरकडं जाणारे गोंधळी त्यांच्याकडं तुणतुणी आणि संबळ दुरुस्तीला टाकायचे, भजनवाले एकतारी आणायचे, ते काम आप्पांना जास्त आवडायचं. त्या कामाला ते सरस वापरायचे, जनावराच्या कातड्यापासून केलेला जुना गोंद. त्याचे खडे रात्रभर भिजत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी एका भांड्यात पाणी ठेवून त्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर शिजवायचे. वास असा सुटायचा की गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून जायचं. आप्पांच्या गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येऊ द्यायचे नाहीत, आणि हे शिजवणं. आत्या पलीकडून म्हणायच्या, "आप्पा, तुमचं शाकाहारी घर आज लई वास मारतंय."

"वास माझा न्हाय, धंद्याचा हाय."

पण सरस शिजवला की ते आंघोळ केल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. थंडीत दोन-दोनदा आंघोळ व्हायची. डब्यातला पांढरा गोंद का वापरत नाही, असं लोक विचारायचे. ते सांगायचे, डब्यातला गोंद एकदा बसला की सोडत नाही. सरस ऊन पाण्याच्या फडक्यानं सुटतो. पुढच्या माणसाला परत उघडायची वेळ आली तर त्याला शिव्या देत बसायला लागू नये.

आता सिस्टरची गोष्ट.

सिस्टर म्हणजे आमच्या इथल्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. हायवेच्या पलीकडं एकट्या राहायच्या. आजूबाजूच्या गावांतली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं त्यांना ओ द्यायला कुणी चुकायचं नाही. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली खुंटीला एक गिटार. तरुणपणी त्या नर्सिंग शिकत होत्या तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या परदेशी नर्सनं त्यांना ती वाजवायला शिकवलं आणि जाताना देऊन टाकली. सिस्टर म्हणायच्या, "मला एकच गाणं पूर्ण येतं. पण ते मी बाईंच्या शेजारी बसून शिकले."

तारा तुटून वर्षं झाली होती. नोकरी संपली, हातात वेळ आला, तेव्हा सिस्टर ती गिटार आप्पांकडं घेऊन आल्या. नव्या तारा घालून द्या म्हणाल्या. आणि जाता जाता म्हणाल्या, "आप्पा, पहिल्या तारा पोलादाच्या नव्हत्या बरं का. बारीक तिन्ही तर तंगुसासारख्या होत्या."

आप्पा हसले. तुणतुण्याला पोलादी तार, एकतारीला पोलादी तार, बुलबुलतरंगाला पोलादी तार. त्यांच्या हातून आजवर जे गेलं त्याला तारच लागली होती. म्हणाले, "सिस्टर, तंगुसाला आवाज येत न्हाय. तंगुसाला मासा येतो."

दुकानात बसलेले सगळे हसले. सिस्टर गिटार ठेवून निघून गेल्या.

आप्पांनी पोलादी तारा घातल्या आणि चांगल्या ताणल्या. गिटार अशी खणखणली की हॉटेलवाला चहाची किटली हातात घेऊन बघायला आला. सिस्टर ती घरी घेऊन गेल्या. दिवस वैशाखाचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या ते हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, आजारी लेकराला दवाखान्यात आणावं तशा. चादर उघडली. तारा जिच्यावर बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी, आप्पा तिला घोडी म्हणायचे, ती पार उपटून तारांना लोंबकळत होती. तिच्याबरोबर खालच्या लाकडाचे कपचे निघाले होते आणि तिथून खालपर्यंत वरच्या फळीला तडा गेला होता. तंगुसाच्या ताणाला केलेल्या नाजूक लाकडाला पोलादाचा ताण सोसला नाही.

सिस्टर म्हणाल्या, "असू द्या आप्पा. जुनीच होती."

त्या रागावल्या असत्या तर आप्पा त्यांच्याशी भांडले असते आणि विषय संपला असता. "असू द्या" त्यांना सहन झालं नाही. ते त्या दिवशी जेवले नाहीत. मी भाकरी नेऊन दिली तर तशीच झाकून ठेवली. म्हणाले, "सूनबाई, ह्या गावात म्या केलेलं काम कुणाच्या घरात मोडून पडलेलं न्हाय. आता एक हाय." आणि सिस्टरला त्यांनी शब्द दिला, ही पहिल्यासारखी बोलती करून देतो, न्हाय तर दुकानाला कुलूप लावतो. हॉटेलवाला मात्र गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "आप्पांचा हात गेला आता. वय झालं." ते आप्पांच्या कानावर गेलं.  त्यांना ते लागलं.

ह्यांच्या मोबाइलवर ते गिटारीचे व्हिडिओ बघायला लागले. मी लावून द्यायची, त्यांना ते जमायचं नाही. कुठल्या तरी लांबच्या देशातला पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा कारागीर होता, त्याची भाषा कुणालाच कळत नव्हती. आप्पा त्याच्याशी कन्नडमधून वाद घालायचे, मध्येच मान डोलवायचे. "ह्यो खरं बोलतोय," म्हणायचे.

"आप्पा, तुमाला कळलं?"

"बोलणं न्हाय कळलं. पर बोलताना लाकडावरचा हात काढत न्हाय. खोटं बोलणारा हात काढतो."

एक दिवस त्या म्हाताऱ्यानं गिटारीला तारा बांधायला घेतल्या आणि व्हिडिओत त्या अगदी जवळून दाखवल्या. आप्पांनी चष्मा पुसला. परत लावायला सांगितलं. मग उठले, टोपी घातली, भर उन्हात हायवे ओलांडून सिस्टरच्या दारात गेले. सिस्टरनं नंतर मला सांगितलं, "दारात उभे राहिले, म्हणाले 'तंगूसच', आणि परत गेले." आप्पांनी कुणाची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं हे एकदाच.

तड्याचं काम आधी घ्यायचं होतं. तडा उघडा पडला होता, उन्हानं लाकूड वाळून आकसलं होतं. आप्पा म्हणाले, त्यांना, म्हणजे लाकडाला, तहान लागलीय, पण पाणी पाजलं तर फुगून वाकडे होतील. नुसती गार हवा पाहिजे. मी दारात उभी राहून ऐकत होते. मी म्हणाले, "आमच्या माठाजवळ ठिवू का?" इतकं हळू म्हणाले की आप्पांना दोनदा विचारावं लागलं. कोथिंबीर, खायची पानं आपण माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्याजवळ ठेवतो, ती टवटवीत राहतात, तसं मला वाटलं होतं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि गिटार उचलून थेट आमच्या स्वयंपाकघरात आले.

माठाशेजारी खुंटीला तिला टांगली, भोवती ओलं गोणपाट सोडलं, पण लाकडाला लागू दिलं नाही. गोणपाट ओलं ठेवायचं काम माझं. आत्या म्हणाल्या, "आता ह्या पाव्हणीला चा पण टाकू का?" आप्पा रोज सकाळी येऊन तड्यात कागद घालून बघायचे. आधी घडी घातलेला कागद जायचा. मग एकेरी जायला लागला. मग एक दिवस एकेरीसुद्धा जाईना. आप्पा माठाला हात जोडून परत गेले.

आणि तिथून काम अडलं. दिवसामागून दिवस गेले, आप्पा गिटारीला हात लावेनात.

कारण मला माहीत होतं. आप्पांनी बशीतून चहा प्यायचं सोडलं होतं. "बशीला वास येतो," असं सांगायचे आणि पेला अर्धाच भरून घ्यायचे, दोन्ही हातांनी धरून. लोकांसमोर करवत धरायचे नाहीत. खुणा करायच्या असल्या की मी कपडे वाळत घालायला गेले आहे का ते बघायचे. रंधा मारताना काही वाटत नसे, रंध्याला जोर लागतो. पण बारीक काम हातात घेतलं की उजवा हात थरथरायला लागायचा. हॉटेलवाल्यानं उगाच ठोकून दिलं होतं, पण ते खरं निघालं होतं, आणि ते त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. मीही कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही.

शेवटी एका दुपारी आप्पा दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, हात दावा."

कासार बांगडी भरताना बघतो तसा त्यांनी माझा हात बघितला. बोटं एकत्र करायला लावली, पंजाभोवती दोरा घेतला आणि तो दोरा गिटारीच्या गोल भोकावर धरून बघितला. तडा परत उघडू नये म्हणून आतून लाकडाचे पातळ तुकडे आडवे चिकटवायचे होते. आत हात घालायला ते एकच भोक, आणि आत दिसत काही नाही. सगळं बोटांनी ओळखायचं. आप्पांनी स्वतःच्या हाताबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "माझा पंजा मोठा पडतोय."

मी म्हणाले, "व्हय आप्पा, मोठा हाय."

मला त्यांनी शिकवलं ते माठावर. अरुंद तोंडाचा माठ कुंभाराकडून आणायचा, डोळे मिटायचे, सरस लावलेला तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन आत हात घालायचा आणि ते सांगतील तिथं तो बसवायचा. सरस वाळला की आप्पा माठ फोडायचे आणि खापरावरचे तुकडे बघायचे. "ह्यो तिरका. ह्याच्याखाली हवा ऱ्हायली. ह्यो चांगला. ह्यो कुठं चालला होता, नळदुर्गाला?" मी मान खाली घालून ऐकायची आणि आतून हसायची. चौथीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. स्वयंपाक, शिवण हे नुसतं बघून येत गेलं. समोर बसवून, चुकलं तर परत करायला लावून कुणी शिकवतं तेव्हा काय वाटतं ते मी विसरून गेले होते. कुंभार खूष होता. आत्या म्हणायच्या, "लोकांच्या घरात माठ फुटला तर अपशकुन. आमच्यात रोजचं काम."

आप्पा आता नाहीत. आम्ही लोहाऱ्याला स्वतःच्या घरात राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचं सरसाचं भांडं त्यांच्या पुतण्यानं मला आणून दिलं. ते माझ्या ओसरीत आहे आणि ते रिकामं नसतं. हे इथंच लिहून टाकते, कारण पुढं मला त्यांच्या जाण्याबद्दल लिहायचं नाही.

कामाच्या दिवशी सकाळी बांगड्यांचा प्रश्न आला. हातात बांगड्या ठेवून भोकातून हात जात नव्हता. आत्या म्हणाल्या, सवाष्णीनं रित्या हातानं बसायचं नाही. मग असं ठरलं की डाव्या हातातल्या राहतील आणि उजव्या मनगटाला हळदीचा दोरा बांधायचा. साबण लावून आत्यांनीच एकेक बांगडी उतरवली, एकही फुटू दिली नाही. आप्पा तोपर्यंत पाठ करून अंगणात उभे होते.

सरस ऊन होता. तुकडे सुपारीच्या पातळ फोडीएवढे, आप्पांनी ते आधीच घासून ठेवले होते. मी डोळे मिटले आणि हात आत घातला. आत माठासारखं नव्हतंच. कोरडं, हलकं, जुन्या पेटीच्या तळाला असतो तसा वास. सगळीकडं बारीक पट्ट्या होत्या, फळीला आतून आधार देणाऱ्या. आप्पा वरून तळहातानं दाबून धरायचे, त्याला हात स्थिर लागत नाही. मी आतून तुकडा बसवायची. "कूडरी, कूडरी," त्यांचं चाललं होतं. एकेक तुकडा बसत गेला.

शेवटचा बसवून हात काढताना माझं बोट पलीकडच्या एका पट्टीला लागलं. ती किंचित हलली.

मी म्हणाले, "आप्पा, इथं एक पट्टी सुटलीय."

"न्हाय. म्या आरसा घालून बघितलंय."

मी गप्प बसले असते. मी कायम गप्पच बसते. पण बोट त्या पट्टीवरच होतं.

"न्हाय आप्पा. सुटलीय. आरशात दिसत नसंल."

थोरल्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलले. आत्यांनी चुलीपासून मान वर केली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तुमी वरून वाजवा. म्या बोट काढती आन ठिवती." त्यांनी पेरानं फळी वाजवली. मी बोट काढलं की आतून बारीक खरखर यायची. बोट दाबलं की आवाज स्वच्छ. परत वाजवलं, परत तेच. आप्पांनी सरसाचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

मग म्हणाले, "सरस घ्या."

ती पट्टी मी खराट्याच्या काडीनं सरस आत ढकलून चिकटवली आणि खालून एका काडीचा टेकू दिला. तो टेकूही मीच ठरवला, कुठं द्यायचा ते. आप्पांनी नुसतं विचारलं, "बसला?" मी म्हणाले, "बसला."

घोडी मात्र आप्पांनी बसवली, ती बाहेरून दोन्ही हातांनी धरता येते. उपटलेले कपचे परत जागी घालून वर घोडी ठेवली आणि दाबायला ज्वारी भरलेली पिशवी ठेवली. दगड एका जागी दाबतो, ज्वारी उंचसखल बघून बसते, असं त्यांचं म्हणणं. ती ज्वारी आत्यांनी परत दळणात घेतली नाही, सरसाच्या शेजारची म्हणून.

सिस्टरनं सोलापूरहून बरोबर त्याच जातीच्या तारा मागवून घेतल्या. तीन तंगुसासारख्या, तीन वरून बारीक तारेचा वेढा दिलेल्या. त्या एकदम ताणल्या नाहीत. सिस्टर रोज संध्याकाळी यायच्या, खुंट्या थोड्या पिळायच्या, आप्पा लाकडाला कान लावून बसायचे. मी चहा घेऊन गेले की सिस्टर माझ्याकडं बघून हसायच्या. त्यांना आतलं काम कुणी केलं ते माहीत नव्हतं. आप्पांनी सांगितलं नव्हतं आणि मीही नाही. मला वाटायचं, नकोच सांगायला. आप्पांची अब्रू आप्पांकडं राहू दे.

ज्या दिवशी ताण पूर्ण झाला त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, इथंच वाजवते. ओट्यावर बसल्या. हॉटेलवाला आला, टायरच्या दुकानातली माणसं आली, आमचे हे आले, जीपची वाट बघणारे चार लोक आले. मी दाराच्या आत उभी राहिले.

सिस्टरनं एक पाय लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला, गिटार मांडीवर घेतली आणि ते एकच गाणं वाजवलं. पोलादी तारांसारखं ते खणखणीत नव्हतं. मऊ होतं, आतून येणारं, भरलेल्या घागरीसारखं. मध्येच एक ट्रक गेला तेव्हा ऐकू आलं नाही, सिस्टर थांबल्या आणि ट्रक गेल्यावर तिथूनच पुढं वाजवायला लागल्या. मी फक्त त्या पट्टीकडं कान लावून होते. खरखर आली नाही. शेवटपर्यंत आली नाही.

हॉटेलवाला सगळ्यांत आधी बोलला. "आप्पा, म्या उगाच बोललो. तुमचा हात अजून एक नंबर हाय."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. मला वाटलं, झालं. आप्पांना जे पाहिजे होतं ते मिळालं. आता ते टोपी सारखी करतील आणि आत येतील.

आप्पांनी हातातला पेला खाली ठेवला. "कुठला हात?" म्हणाले आणि उजवा हात सगळ्यांसमोर लांब केला. जीप सुरू ठेवून उभी असली की तिचा आरसा हलतो तसा तो हात हलत होता. त्यांनी तो खाली घेतला नाही.

"नीट बघून घ्या. लई दिस लपवला. बशीतनं चा पीत न्हाय म्हणून तुमी हसत हुता, ते ह्यामुळं. तार चुकीची घातली ती म्या. आतलं काम ह्या हातानं होत न्हाय. ते सूनबाईंनी केलंय."

कुणीतरी विचारलं, "भाड्यानं राहतात त्या?"

"त्याच. आन एक पट्टी सुटली हुती, ती मला घावली न्हाय. त्यांना घावली. मला न्हाय घावली," असं दोनदा म्हणाले.

आत्या माझ्या मागून ओरडल्या, "आन आमचे माठ किती फुटले ते पण सांगा!" सगळे हसले आणि मला बरं वाटलं, कारण सगळ्यांचं बघणं माझ्याकडून आत्यांकडं गेलं. सिस्टर उठून उंबऱ्यापाशी आल्या, माझा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, नाडी बघावी तसा. ह्यांनी त्या रात्री घरचं दार हळू लावलं. मी ते लक्षात ठेवलं आहे.

थोड्या दिवसांनी सकाळी मी भाकऱ्या करत होते. बाहेर दुकानात कुणाचा तरी आवाज आला. बेंबळीहून भजनी मंडळाचा माणूस वीणा घेऊन आला होता, भोपळ्याला तडा गेलेली. आप्पा म्हणाले, "ठिवा हितं, बघतो." तो माणूस म्हणाला, "तुमी नगं आप्पा. ते आतलं काम करणाऱ्या बाई हितंच राहतात न्हवं?"

आप्पांचा रंधा थांबला. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. पण त्यांनी अख्ख्या हायवेला ऐकू जाईल अशी हाक मारली, आवाजात असा काही तोरा की जणू त्यांच्याच घरात पोरगं पास झालंय.

"सूनबाई! तुमचं गिऱ्हाईक आलंय!"

मी तवा खाली उतरवला, पिठाचे हात धुतले आणि बाहेर गेले. पदर सारखा करायचा राहून गेला होता, ते वीणा हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं.